एचबीओ वाहिनी आणि तिच्या मालिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे बहुतेकांची एचबीओशी खरी ओळख झाली ती ‘गेम ऑफ थ्रोन्स’मुळे, म्हणजे वाहिनी चाळिशीला आल्यावर. त्यामुळे मागचा इतिहास राहून जातो आणि मग मित्रांत, घरच्या गप्पांत तेच तेच प्रश्न निघतात. मी गेली अनेक वर्षं या मालिका मनापासून बघतो आहे, काही तर तीन-तीनदा. सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि जमेल तेवढी सविस्तर उत्तरं इथे दिली आहेत. ‘द सोप्रानोज’ आणि ‘द वायर’च्या उत्तरांत थोडं कथानक उघड होतं. या मालिका अजून बघायच्या असतील तर ती उत्तरं नंतर वाचा.

एचबीओ म्हणजे काय? हे नाव कुठून आलं?

होम बॉक्स ऑफिस. बॉक्स ऑफिस म्हणजे थिएटरची तिकीट खिडकी. ती खिडकी घरात आणायची आणि तिकिटाऐवजी दर महिन्याला वर्गणी घ्यायची, एवढीच मूळ कल्पना. न्यूयॉर्कमध्ये केबलचा व्यवसाय करणाऱ्या चार्ल्स डोलन यांना ती सुचली आणि टाइम-लाइफ या प्रकाशन कंपनीने पैसा लावला. कागदावर तिचं नाव आधी ‘ग्रीन चॅनल’ असं होतं. होम बॉक्स ऑफिस हे नाव काम पुढे सरकावं म्हणून तात्पुरतं घेतलं होतं, आणि तेच टिकलं.

सुरुवात न्यूयॉर्कला झाली का?

नाही. 8 नोव्हेंबर 1972 ला संध्याकाळी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्क्स-बॅरी नावाच्या गावात. कोळशाच्या खाणींसाठी ओळखला जाणारा हा भाग. त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात गावाचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा गावात टीव्हीसाठी जादा पैसे मोजणारे किती निघणार? 365 घरं निघाली. त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला आइस हॉकीचा सामना, न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध व्हँकुव्हर कॅनक्स. त्यानंतर पॉल न्यूमनचा एक चित्रपट. कार्यक्रम न्यूयॉर्कहून मायक्रोवेव्ह मनोऱ्यांच्या साखळीने पोचवला जायचा.

पुढच्या वर्षी वाहिनीने पेनसिल्व्हेनियातल्या पोल्का नाचगाण्यांचा महोत्सव दाखवला. स्वतःचा म्हणावा असा तिचा तो पहिला कार्यक्रम. पोल्कापासून सोप्रानोजपर्यंत यायला 26 वर्षं लागली. म्हणूनच कुणी ‘एचबीओ पहिल्यापासूनच ग्रेट होती’ म्हणालं की मला ते पटत नाही. ती बराच काळ मुख्यतः चित्रपट आणि बॉक्सिंग दाखवणारी वाहिनी होती.

मग एका गावातून देशभर कशी गेली?

उपग्रहामुळे, आणि एका बॉक्सिंगच्या लढतीमुळे. मायक्रोवेव्हने डोंगर-दऱ्या ओलांडत मनोरे उभारत जायचं तर जन्म गेला असता. डोलन बाजूला झाल्यावर वाहिनीची सूत्रं जेराल्ड लेव्हिन यांच्याकडे आली होती. त्यांनी ठरवलं की कार्यक्रम उपग्रहावर चढवायचा आणि जिथल्या केबलवाल्याकडे ताटली, म्हणजे डिश अँटेना, असेल तिथे उतरवायचा. अमेरिकेत 30 सप्टेंबर 1975 च्या रात्री मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची मनिलामधली लढत फ्लोरिडा आणि मिसिसिपीमधल्या केबलग्राहकांनी थेट पाहिली. त्या वेळच्या ताटल्या दहा मीटर व्यासाच्या होत्या, म्हणजे एखाद्या छोट्या बंगल्याएवढ्या.

या एका रात्रीने टीव्हीचा धंदा बदलला. उपग्रहावरून देशभर पोचता येतं हे दिसल्यावर बाकीच्या केबल वाहिन्याही त्याच वाटेने आल्या. आपल्याकडे 1990 च्या दशकात गच्चीगच्चीवर ज्या ताटल्या उगवल्या, त्यांच्या मागेही हाच शोध उभा आहे.

दोन वर्षांनी दुसरा अडथळा दूर झाला. पैसे घेऊन दाखवणाऱ्या केबल वाहिन्यांनी कोणते चित्रपट आणि कोणते खेळ दाखवायचे यावर अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने बंधनं घातली होती, ती 1977 मध्ये न्यायालयाने रद्द ठरवली. 1980 मध्ये सिनेमॅक्स ही जोडवाहिनी निघाली आणि 1981 च्या अखेरीपासून एचबीओ चोवीस तास सुरू झाली.

लोक फुकट बघायचे नाहीत का?

बघायचे की. ज्याच्या अंगणात मोठी ताटली, त्याला सिग्नल आयता मिळायचा. जानेवारी 1986 पासून वाहिनीने सिग्नल पूर्णवेळ कुलूपबंद केला आणि ताटलीवाल्यांकडे दरमहा 12.95 डॉलर मागितले. 27 एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर चित्रपट चालू असताना पडद्यावर अचानक रंगीत पट्टे आले आणि त्यावर ‘कॅप्टन मिडनाइट’ या नावाने संदेश झळकला : महिन्याला 12.95 डॉलर? जमणार नाही. साडेचार मिनिटं तो तसाच राहिला. फ्लोरिडातल्या एका उपग्रह केंद्रावर काम करणाऱ्या आणि ताटल्या विकणाऱ्या तरुणाने तिथलं यंत्र वापरून एचबीओचा सिग्नल दाबला होता. त्याला दंड आणि परिवीक्षा अशी सौम्य शिक्षा झाली, पण त्यानंतर अमेरिकेत उपग्रहाच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करणं हा गंभीर गुन्हा ठरला.

ही गोष्ट गमतीदार म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वर्गणीच्या धंद्याचं मर्म दिसतं. बघणाऱ्याचा प्रश्न कायम तोच असतो, की एवढे पैसे कशाबद्दल? एचबीओला ते उत्तर दर महिन्याला नव्याने द्यावं लागतं.

जाहिराती नाहीत, एवढाच फरक ना? त्याने मालिका चांगली कशी होते?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीचा गिऱ्हाईक आपण नसतो. गिऱ्हाईक असतो साबणवाला, मसालेवाला, विमावाला. वाहिनी त्याला आपले डोळे विकते. म्हणून तिथे रोज रात्री जास्तीत जास्त टीव्ही चालू असावे लागतात, कुणी दुखावून चॅनल बदलू नये असं बघावं लागतं आणि दर दहा मिनिटांनी जाहिरातीआधी एक धक्का द्यावा लागतो. आपल्या रोजच्या मालिकांमध्ये तीन वेळा फिरणारा कॅमेरा आणि सासूच्या चेहऱ्यावरची वीज कुठून येते, याचं उत्तर लेखकाच्या अकलेत शोधू नये. ते टीआरपीच्या तक्त्यात सापडतं. तिथे लिहिणारे कित्येक जण उत्तम लेखक आहेत.

एचबीओचा गिऱ्हाईक म्हणजे बिल भरणारं घर. त्या घराने अमुक रात्री टीव्ही लावला की नाही, याने वाहिनीचं बिघडत नाही. महिनाअखेरीस त्या घराने ‘बंद करा’ असा फोन केला, तर बिघडतं. त्यामुळे दहा मालिका बऱ्या वाटण्यापेक्षा एखादी अशी हवी, की जिच्यासाठी माणूस वर्गणी सोडणार नाही. आईला आवडेल ती मुलाला नाही आवडली तरी चालेल, दोघांसाठी दोन वेगळ्या मालिका असल्या की झालं. अमुक एक मालिका फार थोडे लोक बघतात, पण जे बघतात ते जीव लावून बघतात, हे गणित जाहिरातीच्या धंद्यात तोट्याचं आहे आणि वर्गणीच्या धंद्यात फायद्याचं.

त्यातून बाकीचं आपोआप येतं. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांवर नाट्यमालिकेच्या एका पर्वात 22 च्या आसपास भाग असायचे, जाहिराती वजा जाता चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे. एचबीओने साधारण तेरा भाग ठरवले, कधी आठ, कधी दहा, आणि भाग 48 मिनिटांचा झाला काय किंवा 65 मिनिटांचा झाला काय, काटछाट नाही. तेरा भागांचं पर्व म्हटलं की आपल्या पिढीला दूरदर्शन आठवेल. तिथली तेरा भागांची मालिका तेराव्या भागाला खरोखर संपायची आणि म्हणून तिच्यात पाणी घालायची वेळ यायची नाही. कारणं वेगळी होती, पण परिणाम बराचसा सारखा होता. शेवट ठरलेला असला की लेखक नेमकं लिहितो.

स्वतःच्या मालिका कधीपासून?

1983 मध्ये ‘द टेरी फॉक्स स्टोरी’ हा पहिला स्वतःचा चित्रपट, आणि त्याच वर्षी मुलांसाठी बाहुल्यांची ‘फ्रॅगल रॉक’. 1992 मध्ये ‘द लॅरी सँडर्स शो’ आला, टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाच्या पडद्यामागचं जग दाखवणारा. नंतरच्या कित्येक विनोदी मालिकांनी त्याच्याकडून उचल घेतली आहे.

तासाभराच्या नाट्यमालिकेचा खरा आरंभ जुलै 1997 चा. टॉम फॉन्टाना यांची ‘ओझ’, एका तुरुंगातली गोष्ट. पहिल्या भागात आपण ज्याला नायक समजून बसतो त्या कैद्याला त्याच भागाच्या शेवटी जिवंत जाळतात. बघणाऱ्याला कळून चुकतं की इथे कुणाचाच भरवसा नाही. पुढे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ने हेच केलं तेव्हा सगळं जग हादरलं, पण बी इथलं आहे.

‘द सोप्रानोज’चं एवढं कौतुक का? माफियाच्या गोष्टी तर आधीही होत्या.

(इथे कथानक उघड होतं.)

जानेवारी 1999 ते जून 2007, सहा पर्वं, 86 भाग, निर्माते डेव्हिड चेस. न्यू जर्सीतला माफिया टोळीप्रमुख टोनी घाबरून बेशुद्ध पडू लागतो आणि मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागतो. इतर वाहिन्यांनी ती घेतली नव्हती.

एकच भाग जवळून बघू, पहिल्या पर्वातला पाचवा. टोनी मुलीला कॉलेजं दाखवायला मेन राज्यात घेऊन गेला आहे. कुठल्याही बापासारखा. गाडीत मुलगी विचारते, ‘तुम्ही माफियात आहात का?’ तो आधी उडवून लावतो, मग थोडंसं कबूल करतो. एवढा मोकळेपणा त्या घरात कधी झालेला नसतो. वाटेत पेट्रोलपंपावर त्याला एक माणूस दिसतो, टोळीशी दगाबाजी करून सरकारी संरक्षणाखाली नाव बदलून राहणारा. मुलगी कॉलेजमध्ये मुलाखतीला बसली असताना टोनी त्या माणसाला तारेने गळा आवळून मारतो. कॅमेरा टोनीच्या चेहऱ्यावरून हलत नाही. दात आवळलेले, तोंडातून थुंकी. हाताला तार रुतून जखम होते. मग तो मुलीला घ्यायला जातो आणि ती हाताकडे बघून विचारते, हे काय झालं?

या खुनाला वाहिनीच्या वरिष्ठांचा विरोध होता. नायकाने असं थंड डोक्याने मारलं तर प्रेक्षक त्याला सोडून जातील, अशी त्यांची भीती होती. चेस यांचं म्हणणं असं की टोनीसारखा माणूस दगाबाजाला सोडून देईल हेच खोटं वाटेल, आणि तेव्हा प्रेक्षक जाईल. भाग तसाच दाखवला गेला. प्रेक्षक गेला नाही. दुष्ट माणसाची गोष्ट आठ वर्षं जवळून बघायला लोक तयार आहेत, हे या भागाने दाखवून दिलं. जेम्स गँडोल्फिनींचा तो टोनी बघताना त्याची कीव येते आणि त्याच वेळी त्याची शिसारीही येते. मला आजही दोन्ही होतं.

शेवटच्या भागात पडदा काळा होतो. प्रत खराब आहे का?

नाही, तोच शेवट आहे. हॉटेलात कुटुंब जमतं आहे, टेबलावर कांद्याची तळलेली कडी आली आहेत, मुलीला बाहेर गाडी नीट लावता येत नाहीये. दाराची घंटा वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळा. आवाजही बंद. दहाएक सेकंदांनी श्रेयनामावली, तीही निःशब्द. 10 जून 2007 च्या रात्री अमेरिकेत असंख्य लोकांना ऐन वेळी केबल गेली असं वाटलं. टोनी मेला का, यावर अजून वाद होतो. माझं मत : मारला जातो की नाही यापेक्षा, दर वेळी घंटा वाजली की दाराकडे बघत जगावं लागणं हीच त्याची शिक्षा आहे.

‘द वायर’ कंटाळवाणी वाटते. खरंच एवढी मोठी आहे?

पहिले तीन-चार भाग जड जातात हे खरं. माणसं भराभर येतात, बोली कळत नाही, कुणीही थांबून समजावून सांगत नाही. पण चिकाटी धरा.

(इथेही थोडं कथानक आहे.)

बाल्टिमोर शहर, 2002 ते 2008, पाच पर्वं, 60 भाग. निर्माते डेव्हिड सायमन तिथल्याच वर्तमानपत्रात गुन्हेवार्ताहर होते. त्यांचे सहकारी एड बर्न्स आधी पोलीस होते आणि नंतर शाळामास्तर. प्रत्येक पर्व शहराचा एक थर उघडतं : गर्दचा बाजार, बंदर, महापालिकेचं राजकारण, शाळा आणि शेवटी वर्तमानपत्र. पोलीस आणि गुन्हेगार दोघांनाही वरिष्ठ आहेत, आकडे दाखवायचे आहेत, नोकरी टिकवायची आहे. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही मालिका दाखवा. बाल्टिमोर कुठे आहे हे त्याला सांगावं लागणार नाही.

तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे. वस्तीच्या मधल्या चौकात उघड्यावर एक जुनाट सोफा टाकलेला. दोन पोरं बुद्धिबळाच्या सोंगट्यांनी दुसराच साधा खेळ खेळत आहेत. त्यांच्यावर नेमलेला डीअँजेलो त्यांना खरा खेळ शिकवू लागतो. राजा म्हणजे आपला मोठा मालक, त्याला फार हलावं लागत नाही कारण बाकीचे त्याला सांभाळतात. वजीर म्हणजे मालकाचा उजवा हात, सगळीकडे फिरणारा. हत्ती म्हणजे मालाचा साठा, जागा बदलत राहणारा. आणि प्यादी? प्यादी म्हणजे आपण. त्यातला बोडी नावाचा पोरगा विचारतो, प्यादं पलीकडे पोचलं तर मोठं होतं ना? होतं, पण प्यादी लवकर मरतात, डीअँजेलो सांगतो. हुशार प्यादं असेल तर नाही मरणार, असं पोरगं म्हणतं.

तीन मिनिटांत सगळी रचना कळते. आणि तीन पर्वांनंतर तोच बोडी एका बागेतल्या बाकावर बसून पोलिसाशी बोलताना स्वतःची गत त्या पटावरच्या सोंगट्यांसारखी झाल्याचं सांगतो. थोड्या वेळाने रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा असताना त्याला गोळी लागते. अशी ओळ 46 भागांआड परत येईल म्हणून पेरून ठेवायची, यासाठी प्रेक्षकावर विश्वास लागतो. आणि पुढची पर्वं मिळतील असा वाहिनीवरही लागतो. प्रेक्षकसंख्या कमी असूनही ती मिळाली.

त्यांना पुरस्कार मिळाले असतील ना?

‘द वायर’ला एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मानाचा पुरस्कार, एकही नाही. ‘सोप्रानोज’ला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी 2004 मध्ये मिळाला, केबलवरच्या मालिकेला तो पहिल्यांदाच, आणि 2007 मध्ये पुन्हा. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या नावावर एकूण 59 एमी आहेत. एचबीओचीच ‘सक्सेशन’ तीनदा सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली.

वाहिनीने चुका केल्याच नाहीत?

भरपूर. ‘सोप्रानोज’च्या लेखकांपैकी एक असलेल्या मॅथ्यू वायनर यांची ‘मॅड मेन’ एचबीओने घेतली नाही. ती 2007 मध्ये एएमसी या तोवर जुने चित्रपट दाखवणाऱ्या वाहिनीवर आली आणि लागोपाठ चार वर्षं सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. ‘ब्रेकिंग बॅड’ही हातातून गेली. बीबीसीबरोबर केलेली ‘रोम’ खर्च झेपेना म्हणून दोन पर्वांत आटोपली.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ‘डेडवुड’ची. सोन्याच्या शोधात जमलेल्या, कायदा नसलेल्या वस्तीत कायदा कसा रुजतो याची ही गोष्ट. डेव्हिड मिल्च यांचे संवाद एकाच वेळी शिवराळ आणि एखाद्या जुन्या पोथीसारखे घोळदार. 36 भागांनंतर 2006 मध्ये ती मध्येच तोडली. तेरा वर्षांनी एक चित्रपट काढून शेवट केला. तो सुंदर आहे, पण मधली तेरा वर्षं गेली ती गेलीच.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ एवढी मोठी कशी झाली?

सुरुवात पाहता होण्याची लक्षणं नव्हती. 2009 मध्ये चित्रित केलेला पहिला भाग फसला होता. निर्मात्यांनी तो लेखकमित्रांना दाखवला तेव्हा जेमी आणि सर्सी ही दोन मुख्य पात्रं बहीणभाऊ आहेत हेच कुणाला कळलं नाही, आणि सगळी गोष्ट तर त्याच्यावर उभी. त्या बैठकीत तोंडावर ‘मोठा घोळ आहे’ सांगणारे क्रेग मेझिन यांनीच पुढे एचबीओसाठी ‘चेर्नोबिल’ ही मालिका लिहिली. वाहिनीने भाग टाकून दिला नाही. काही कलाकार बदलून बहुतेक सगळा भाग पुन्हा चित्रित करायला लावला.

पहिल्या पर्वात युद्ध दाखवायला पैसे नव्हते. म्हणून लढाई सुरू व्हायच्या क्षणी टिरियन हे पात्र डोक्याला मार लागून बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो लढाई संपल्यावर. पाच वर्षांनी त्याच मालिकेत शेकडो माणसं आणि घोडे घेऊन एकेक लढाई काही आठवडे चित्रित होत होती. एप्रिल 2011 ते मे 2019, 73 भाग. बेलफास्टच्या गोदी भागातला स्टुडिओ हे मुख्य ठाणं, शिवाय क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक आणि आइसलंडचा बर्फ. शेवटचा भाग अमेरिकेत पहिल्याच रात्री 1 कोटी 93 लाख लोकांनी पाहिला. तो त्यातल्या अनेकांना आवडला नाही, मलाही घाईचा वाटला.

नवीन भाग रविवारीच का?

अमेरिकेत रविवारी रात्री लोक घरी असतात आणि सोमवारी कचेरीत त्यावर बोलतात. हे बोलणं हीच वाहिनीची जाहिरात. ‘काल पाहिलंस का?’ या प्रश्नाला ‘आमच्याकडे नाही’ म्हणावं लागलेला माणूस महिनाभरात वर्गणीदार होतो. तिथे रविवारचे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेसहा. 2019 च्या त्या सहा सोमवारी आमच्या सोसायटीत भल्या पहाटे दिवे लागलेले असायचे, आणि दूधवाल्याने त्याबद्दल विचारलं होतं ते मला पक्कं आठवतं.

सुरुवातीला मुंग्या येतात आणि ‘आऽऽ’ असा आवाज येतो, ते काय?

1990 च्या दशकापासूनची खूण. जुन्या टीव्हीवर चॅनल लागत नसलं की दिसायच्या त्या मुंग्या, त्यातून उमटणारी तीन अक्षरं आणि समूहस्वर. तो आवाज आला की हातातला फोन खाली जातो, निदान माझा तरी.

एवढ्या शिव्या आणि नग्नता कशी चालते?

अमेरिकेतले असभ्यतेचे नियम हवेतून फुकट येणाऱ्या वाहिन्यांना लागू आहेत, पैसे भरून घेतलेल्या केबलला नाहीत. या मोकळीकीचा एचबीओने कधी अर्थपूर्ण वापर केला, कधी निव्वळ गर्दी जमवायला. ‘थ्रोन्स’च्या पहिल्या पर्वांतले कित्येक प्रसंग दुसऱ्या प्रकारचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांसोबत बसून बघण्यासारख्या या मालिका नाहीत.

भारतात एचबीओवर तर चित्रपट आणि जाहिरातीच असायच्या. ती हीच का?

नाव तेच, धंदा वेगळा. आपल्याकडची एचबीओ केबलच्या गठ्ठ्यात येणारी, जाहिरातींवर चालणारी इंग्रजी चित्रपटांची वाहिनी होती. कारण सरळ होतं. गल्लीतला केबलवाला किती घरांना जोडण्या दिल्या ते वर कळवायचा, त्यापेक्षा खऱ्या जोडण्या पुष्कळ जास्त असायच्या. वर्गणी वाहिनीपर्यंत पोचतच नसेल तर तिला साबणवाल्याकडेच जावं लागणार. 2012 मध्ये मुंबई आणि इतर महानगरांत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि लगेच 2013 मध्ये ‘एचबीओ डिफाइन्ड’ आणि ‘एचबीओ हिट्स’ या बिनजाहिरातीच्या वाहिन्या आल्या. त्या फार टिकल्या नाहीत. मूळ वाहिनीही डिसेंबर 2020 मध्ये भारतात बंद झाली.

मालिका मात्र हॉटस्टारवर दिसू लागल्या होत्या. 31 मार्च 2023 ला तो करार संपला, काही आठवड्यांनी त्या जिओसिनेमावर आल्या आणि 2025 मध्ये दोन्ही एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं.

या मालिकांत आपलं कुणी आहे?

इरफान खान. ‘इन ट्रीटमेंट’ ही मूळ इस्रायली मालिकेवरून केलेली, मानसोपचाराच्या खोलीत घडणारी मालिका. एक भाग म्हणजे एक बैठक, दोन माणसं आणि बोलणं. 2010 च्या तिसऱ्या पर्वात इरफान सुनील झाला आहे : कोलकात्याचा निवृत्त गणिताचा शिक्षक, बायको गेल्यावर मुलाने ब्रुकलिनला आणून ठेवलेला. घर सुनेचं, नियम सुनेचे, नातवंडांशी बोलायचं ते परक्या भाषेत. आपल्यापैकी किती घरांतले आईबाबा सहा-सहा महिने न्यू जर्सीला किंवा टेक्सासला जाऊन राहतात! परत आल्यावर फोटो दाखवतात, बाकी बोलत नाहीत. जे ते बोलत नाहीत ते इरफान तिथे डोळे खाली घालून, सिगारेट वळत, थांबून थांबून बोलतो. त्याचे सात भाग सलग पाहिले तरी चालतील.

आणि 2009 मधला ‘टेरर इन मुंबई’ हा माहितीपट. 26/11 च्या हल्लेखोरांचे त्यांच्या सूत्रधारांशी चाललेले फोन त्यात ऐकू येतात, आणि निवेदन मुंबईतच जन्मलेल्या फरीद झकेरियांचं आहे. धीर गोळा करूनच बघा.

एचबीओ गो, नाऊ, मॅक्स... हा काय घोळ आहे?

2010 मध्ये ‘गो’ आलं, केबलची वर्गणी असणाऱ्यांसाठी. 2015 मध्ये ‘नाऊ’, केबलशिवाय, महिना 14.99 डॉलर. मे 2020 मध्ये ‘एचबीओ मॅक्स’. मे 2023 मध्ये नावातून एचबीओ काढून नुसतं ‘मॅक्स’, आणि जुलै 2025 मध्ये पुन्हा ‘एचबीओ मॅक्स’. या काळात मालकही बदलले. 2018 मध्ये एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी, 2022 पासून वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी. टेलिफोनवाल्यांना प्रेक्षकांनी जास्त तास बघावं असं वाटत होतं, आणि नऊ महिन्यांत वाहिनीचे प्रमुख रिचर्ड प्लेपलर बाहेर पडले. डिसेंबर 2022 मध्ये तर ‘वेस्टवर्ल्ड’ ही स्वतःचीच मालिका नव्या मालकांनी स्वतःच्या अ‍ॅपवरून काढून टाकली. स्वतः नावाजलेली मालिका आपणच फडताळातून काढून टाकावी, हे मला अजूनही पचलेलं नाही.

कुठून सुरुवात करू?

‘चेर्नोबिल’पासून. फक्त पाच भाग, दोन सुट्ट्यांमध्ये होते. मग ‘बँड ऑफ ब्रदर्स’चे दहा भाग. ती 9 सप्टेंबर 2001 ला सुरू झाली, अकरा सप्टेंबरच्या दोनच दिवस आधी. त्यानंतर ‘सोप्रानोज’, आणि ‘द वायर’ निवांत पावसाळ्यात, इंग्रजी सबटायटल्स लावून. बाल्टिमोरची बोली तिथल्या बाहेरच्या अमेरिकनांनाही चटकन कळत नाही, तेव्हा सबटायटल्स लावण्यात कमीपणा मानू नका. आणि कुणी सोबतीला मिळत असेल तर रोज एकच भाग बघा.